कृषी विद्यापीठाच्या आवारात पहिलं वर्ष: खेड्यातून अकोल्याला जाणाऱ्या पोरापोरींसाठी

सीईटीच्या फेऱ्या आटोपल्या की वऱ्हाडातल्या आणि झाडीपट्टीतल्या बऱ्याच घरांत सारखीच धावपळ सुरू होते. पोराला किंवा पोरीला अकोल्याला डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात जागा मिळालेली असते. घरातलं कोणी त्या आवारात कधी पाय टाकलेला नसतो आणि विचारावं कोणाला, हेही कळत नाही. हा लेख त्या पोरापोरींसाठी आणि त्यांच्या मायबापांसाठी आहे.

आवार म्हणजे शेकडो हेक्टर जमीन. कृषी, उद्यानविद्या, वनशास्त्र, कृषी अभियांत्रिकी अशी महाविद्यालयं वेगवेगळ्या ठिकाणी. त्यांच्याशिवाय पदव्युत्तर विभाग, वसतिगृहं, कर्मचाऱ्यांच्या वसाहती, गोठे, वेधशाळा. आणि या सगळ्यांच्या मधून कापूस, ज्वारी, तूर, हरभरा, भाजीपाला यांची संशोधनाची वावरं पसरलेली. विद्यापीठ २० ऑक्टोबर १९६९ ला स्थापन झालं आणि विदर्भाच्या अकराही जिल्ह्यांची शेती त्याच्या कार्यक्षेत्रात येते. त्यामुळे तुमच्या वर्गात बुलडाण्याचा पोरगाही असेल आणि गडचिरोलीची पोरगीही.

माझं सांगणं एकच आहे. पहिल्या महिन्यात अभ्यासाइतकाच वेळ जागा आणि माणसं ओळखण्यात घाला. गावात आपल्याला बापाच्या नावाने सगळे ओळखतात. इथे कोणी ओळखत नाही, ओळख आपणच करून घ्यावी लागते. खेड्यातली हुशार पोरं नेमकी इथेच मागे पडतात. विचारायला लाजतात, आणि मग शिष्यवृत्ती, रेकॉर्ड, हजेरी, सगळंच एकेक करून अडत जातं.

जाण्याआधी: कागदांची फाईल

सामानाची यादी नंतर करा, आधी फाईल लावा. अलॉटमेंट लेटर, सीईटीचं गुणपत्रक, दहावी-बारावीची गुणपत्रकं, शाळा सोडल्याचा दाखला, डोमिसाईल, आधार, उत्पन्नाचा दाखला आणि लागू असेल तसे जातीचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र, नॉन-क्रिमिलेयर. मध्ये एखादं वर्ष गेलं असेल तर त्याचं प्रतिज्ञापत्र.

यातला सगळ्यात जास्त वेळ खाणारा कागद जात वैधतेचा. जिल्ह्याच्या जात पडताळणी समितीकडून तो यायला वेळ लागतो, म्हणून धाकटा भाऊ किंवा बहीण अकरावी-बारावीत असेल तर त्यांचा अर्ज आत्ताच कॉलेजमार्फत टाकून ठेवा. नॉन-क्रिमिलेयर आणि उत्पन्नाच्या दाखल्यावरची मुदतीची तारीख स्वतः वाचा. सेतूवाल्याने ‘चालते’ म्हटलं म्हणून भागत नाही.

नावाचा घोळ आधीच मिटवा. आधारवर बापाचं नाव ‘रामभाऊ’, गुणपत्रकावर ‘रामकृष्ण’ आणि बँकेत ‘रामदास’ असलं की पुढची चार वर्षं दर अर्जाला तेच उत्तर द्यावं लागतं. प्रवेश झाला की मूळ कागद कॉलेजात जमा होतात आणि ते परत मिळायला वेळ लागतो. म्हणून प्रत्येक कागदाच्या तीन-चार छायाप्रती काढून ठेवा आणि फोनमध्ये स्वच्छ स्कॅन ठेवा. एक संच घरीही राहू द्या.

शिष्यवृत्तीचे अर्ज महाडीबीटी पोर्टलवर भरावे लागतात. अनुसूचित जाती-जमाती, विमुक्त-भटक्या आणि इतर मागासवर्गीयांच्या शिष्यवृत्त्या आहेत, राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती आहे. अल्पभूधारक आणि नोंदणीकृत मजुरांच्या लेकरांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना आहे. पापळ गावात जन्मलेले आणि पुढे देशाचे कृषिमंत्री झालेले पंजाबराव, त्यांच्याच नावाची ही योजना. कागद जुळत असतील तर ती सोडू नका. शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांना स्वाधार, तर आदिवासी विद्यार्थ्यांना स्वयम् योजना आहे. त्यांची चौकशी समाजकल्याण आणि आदिवासी विकास विभागाच्या कार्यालयात करा. मुलींसाठी २०२४ चा शासन निर्णय घरात वाचून दाखवा: वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी कुटुंबांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. ‘पोरीला कशाला एवढा खर्च’ असं कोणी म्हणत असेल तर निदान शुल्काचा मुद्दा तिथेच संपतो.

पैसे थेट खात्यात येतात, त्यामुळे खातं आधारशी जोडलेलं आणि चालू असायला हवं. बऱ्याच पोरांचं खातं शाळेत असताना काढलेलं असतं, वर्षानुवर्षं त्यात व्यवहार झालेला नसतो. बँकेत जाऊन ‘डीबीटीसाठी आधार सीडिंग याच खात्याला आहे का’ असं नेमकं विचारा.

अर्ज भरला म्हणजे काम झालं असं समजू नका. दर पंधरा दिवसांनी पोर्टलवर स्थिती बघा. काही त्रुटी असली की अर्ज ‘सेंड बॅक’ होतो, आणि मुदतीत दुरुस्त केला नाही तर वर्ष हातचं जातं. ऑफिसच्या खिडकीवर कसं बोलावं, हेही शिकून घ्या. ‘माझ्या स्कॉलरशिपचं काय झालं?’ असं विचारलं तर ‘येईल’ एवढंच उत्तर मिळतं. त्यापेक्षा असं बोला: ‘मॅडम, माझा अर्ज सेंड बॅक झाला आहे. उत्पन्नाचा दाखला मागच्या वर्षीचा जोडला गेला होता, नवीन आणला आहे. हा अर्जाचा क्रमांक.’ समोरच्याला शोधाशोध करावी लागत नाही, आणि काम बहुतेक वेळा तिथल्या तिथे होतं.

सामान

फार नेऊ नका. सुती कपडे, शेतावरच्या प्रॅक्टिकलला वेगळे जाड कपडे, घट्ट बूट, एप्रन, दुपट्टा, रेनकोट, चांगली टॉर्च, मच्छरदाणी, कुलूप लागणारी पेटी, बादली. घरचं तिखट आणि लोणचं मात्र नक्की न्या. बाकी सगळं अकोल्यात मिळतं.

सायकल आणि नकाशा

या आवारात सायकल म्हणजे निम्मी सोय. वसतिगृहातून वर्ग, वर्गातून शेत, शेतातून ग्रंथालय असं दिवसभर चालत बसलात तर संध्याकाळी वाचायला अंगात दम राहत नाही. घरची जुनी सायकल असेल तर तीच आणा. नवी घेत असाल तर गिअरवाली बारीक टायरची घेऊ नका, साधी जाड टायरची घ्या. कारण इथे दोन शत्रू आहेत, बाभळीचा काटा आणि सराटा. पावसाळा संपला की रस्त्याच्या कडेला सराट्याची गोखरू वाळून पडलेली असतात आणि धुऱ्यावरून सायकल नेली की हमखास पंक्चर. पंप, सोल्युशन, पॅच आणि घासायचा कागद खोलीत ठेवा आणि पंक्चर स्वतः काढायला शिका. ट्यूब पाण्यात धरून बुडबुडा शोधायचा, ती जागा घासून कोरडी करायची, सोल्युशन लावून ते थोडं सुकू द्यायचं आणि मग पॅच दाबायचा. बहुतेकांचा पॅच सुटतो तो सोल्युशन ओलं असतानाच चिकटवल्यामुळे. आणि टायरमध्ये आतून हात फिरवल्याशिवाय ट्यूब परत घालू नका, काटा तिथेच बसलेला असतो.

पावसात डांबरी रस्ता सोडू नका. इथली काळी माती पाणी प्यायली की चिकट होते, मडगार्ड आणि टायरच्या मध्ये गच्च बसते आणि सायकल खांद्यावर घेऊन यावं लागतं.

पहिल्याच रविवारी दोन-तीन नवे मित्र घेऊन आवाराला फेरी मारा आणि वहीत हाताने नकाशा काढा. फोनमधला नकाशा रस्ता दाखवतो, पण कुठल्या इमारतीत कोणतं काम होतं हे सांगत नाही. तुमच्या वहीत एवढं आलंच पाहिजे: कॉलेजचं कार्यालय आणि त्यातली शिष्यवृत्तीची खिडकी, वसतिगृह अधीक्षकांचं कार्यालय, दवाखाना, विद्यापीठाचं ग्रंथालय, बँक, झेरॉक्सचं दुकान, रात्री उघडी राहणारी टपरी, ऑटो मिळतो ते गेट. नागार्जुन वनौषधी उद्यानही त्याच फेरीत बघून घ्या, वनस्पतींच्या ओळखीसाठी तिथे वारंवार जावं लागेल.

एक गोष्ट कळकळीने सांगतो. आपल्याला गावी सवय असते, धुऱ्याने जाता जाता हरभऱ्याचे घाटे तोडायचे, तुरीच्या शेंगा सोलायच्या. इथे ते करू नका. संशोधनाच्या वावरात छोटे छोटे प्लॉट पाडलेले असतात आणि प्रत्येक प्लॉटचं उत्पन्न वेगळं मोजलं जातं. दोन वाणांमधला फरक कधी कधी एवढा थोडा असतो की मूठभर शेंगा गेल्या तरी आकडा बदलतो, आणि एखाद्या पीएचडीच्या पोराचं वर्ष वाया जातं. पाटी वाचा, धुऱ्यावरूनच चाला, आत जायचं असेल तर विचारून जा.

वसतिगृह

खोली वाटून मिळते, जोडीदार निवडायला मिळेलच असं नाही. पहिल्या आठवड्यातच झोपायची वेळ, दिवा, फोनचा आवाज आणि झाडझूड यावर मोकळं बोलून घ्या. मनात ठेवलं की परीक्षेच्या तोंडावर भांडण होतं.

सीनिअर दादा-ताईंशी ओळख ठेवा. जुन्या नोट्स, मागच्या प्रश्नपत्रिका, कोणत्या सरांना रेकॉर्ड कसं लागतं, हे त्यांच्याशिवाय कोणी सांगत नाही. पण ओळख आणि रॅगिंग यातला फरक पक्का ठेवा. उभं करून ठेवणं, रात्री खोलीत बोलावणं, कपड्यांवरून, बोलीवरून किंवा जातीवरून चिडवणं, हे सगळं रॅगिंगच. महाराष्ट्रात १९९९ पासून त्याविरुद्ध कायदा आहे आणि शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड अशी आहे. देशभराची मदतवाहिनी १८००-१८०-५५२२, दिवसरात्र चालू. तक्रार करणारा कमजोर नसतो, हे बापानेही पोराला जाण्याआधीच सांगावं.

मेसचं जेवण घरच्यासारखं नसणार. भाकरीची सवय असलेल्या पोटाला पोळी-भातावर यायला महिना जातो. भाजी वाईट असली तर बाहेर खाऊन पैसे घालवण्यापेक्षा मेस समितीत जा. समिती विद्यार्थ्यांचीच असते आणि बाजार कोण करतो, तेल कोणतं येतं, हे तिथूनच सुधारतं. गावी जायचं असलं की आधी कळवून मेस बंद करायला विसरू नका, वर्षाच्या शेवटी तो पैसा बराच होतो.

मुलींसाठी वेगळं थोडंच सांगायचं आहे. परत यायची वेळ वसतिगृहाच्या नियमात लिहिलेली असते. संध्याकाळचं शेतावरचं काम लांबणार असेल तर सरांकडून लेखी घेऊन अधीक्षक मॅडमना आधी द्या. सायकल तुम्हीही घ्याच. गावी येताजाता एसटीत महिलांना अर्धं तिकीट आहे. पोलीस मदतीसाठी ११२.

वर्ग, क्रेडिट आणि इंग्रजी

विषयापुढे त्याचे क्रेडिट ३ (२+१) असे लिहिलेले असतात. त्याचा अर्थ आठवड्याला दोन तास थिअरी आणि एक प्रॅक्टिकल, आणि ते प्रॅक्टिकल दोन तासांचं असतं. हजेरीची अट नियमपुस्तिकेत लिहिलेली आहे, ती पहिल्याच आठवड्यात वाचा. प्रॅक्टिकलची हजेरी बुडाली की ती भरून निघणं कठीण जातं, कारण पेरणीचा किंवा फुलोऱ्याचा दिवस परत येत नाही.

मराठी माध्यमातून आलेल्यांना पहिले दोन-तीन महिने सगळं डोक्यावरून जातं. घाबरू नका. एक छोटी वही करा, रोज वर्गात आलेले दहा नवे शब्द आणि त्यांच्यापुढे आपल्या शेतातली वस्तू किंवा काम लिहा. मल्चिंग (आच्छादन), इंटरकल्चर (डवरणी-निंदण), थिनिंग (विरळणी) ही कामं तुम्ही हाताने केलेली आहेत. शहरातली पोरं व्याख्या पाठ करतात, तुम्हाला फक्त नाव शिकायचं आहे. उत्तर लिहिण्याचा सराव मात्र आठवड्याला हवाच, कारण पेपरात इंग्रजी वाक्य तुमचं तुम्हालाच लिहावं लागतं.

हर्बेरियम आणि किड्यांची पेटी

हर्बेरियम म्हणजे दाबून वाळवलेल्या झाडांचा संग्रह. तो आणि किड्यांची पेटी, ही कामं सबमिशनच्या आदल्या आठवड्यावर टाकली जातात. मग कोणाचं तरी जुनं हर्बेरियम विकत घेणं, नाव बदलणं सुरू होतं. असं करू नका. तणांची आणि किडींची ओळख याच कामातून होते, पुढे स्पर्धा परीक्षेतही आणि वावरातही तीच कामी येते.

तणांसाठी दूर जायची गरज नाही. गाजरगवत, तरोटा, केना, कुंदा, हरळी, लव्हाळा, माठ, दुधी. वसतिगृहापासून वर्गापर्यंतच्या रस्त्यावर अर्धी यादी पूर्ण होते. झाड मुळासकट उपटा, फूल आणि फळ असलेलंच घ्या. माती झटकून जुन्या वर्तमानपत्राच्या घडीत पसरवा, एखादं पान उलटं ठेवा म्हणजे मागची बाजूही दिसते. वर जाड पुस्तकं ठेवा. पहिले चार-पाच दिवस कागद रोज बदला. पावसाळ्यात हे चुकलं की पान काळं पडतं आणि बुरशी धरते. लव्हाळा उपटताना त्याची गाठ तुटते, म्हणून खुरप्याने खोलवर काढा. गाठीशिवाय लव्हाळ्याचा नमुना अपुरा.

कीटकशास्त्राच्या पेटीसाठी पावसाळा सोन्यासारखा. पहिले पाऊस पडले की हुमणीचे भुंगेरे संध्याकाळी कडुनिंबावर आणि बाभळीवर गोळा होतात, फांदी हलवली की खाली पडतात. वसतिगृहाच्या व्हरांड्यातल्या दिव्याखाली पतंग आपोआप येतात. रुंद तोंडाच्या बाटलीत इथाइल ॲसिटेटचा बोळा, वर पुठ्ठ्याची चकती, म्हणजे किडा ओला होत नाही. बाटली हुंगू नका आणि खोलीत उघडी ठेवू नका.

टाचणी कुठे टोचायची यावर गुण ठरतात. भुंगेऱ्याला उजव्या पंखाच्या कवचातून, ढेकणाच्या जातीच्या किड्याला पाठीवरच्या त्रिकोणात मध्यरेषेच्या किंचित उजवीकडे, फुलपाखराला आणि पतंगाला छातीच्या मध्यातून. मधोमध टोचलं तर ओळखीची खूण नष्ट होते, म्हणून काहींना उजवीकडे टोचतात. टाचणीचा वरचा एक-तृतीयांश भाग मोकळा ठेवा, म्हणजे पकडता येतो. खाली छोटी चिठ्ठी लावा: ठिकाण, तारीख, कोणत्या पिकावर सापडला, गोळा करणाऱ्याचं नाव. चिठ्ठी नसलेल्या किड्याला किंमत नाही. पेटीच्या कोपऱ्यात डांबरगोळी पक्की बसवा. सुटी राहिली तर ती घरंगळून सगळे पंख मोडते.

वावरातली माणसं

आवाराचा खरा फायदा इथे आहे. बहुतेक पोरं चार वर्षं रस्त्यावरून ही वावरं बघतात आणि पदवी घेऊन जातात.

तुमच्या गावात पेरला जाणारा जॅकी ९२१८ हरभरा, पीकेव्ही रजत कापूस, पीडीकेव्ही अंबा सोयाबीन, खेड्यापाड्यांतली मिनी दाल मिल, यांच्यामागे इथल्या लोकांचं काम आहे. ते काम चालू असताना बघता येतं, अट एवढीच की आधी विचारायचं. विभागात जाऊन सरांना सांगा, ‘सर, मी पहिल्या वर्षाचा, मला क्रॉसिंग बघायचं आहे, मदतही करतो.’ नाही म्हणणारे फार थोडे.

कापसाच्या क्रॉसिंगचं, म्हणजे संकराचं काम एकदा तरी जवळून बघाच. दुपार उतरल्यावर मजूर बाया दुसऱ्या दिवशी उमलणारी कळी निवडतात. अंगठ्याच्या नखाने कळीच्या बुडाशी गोल चीर देतात आणि पाकळ्यांसकट पुंकेसरांची नळी अलगद ओढून काढतात. आत स्त्रीकेसर तेवढा उभा राहतो. त्याला इजा झाली तर कळी फुकट. त्यावर लाल कागदी पिशवी चढवतात, आणि सकाळी नराच्या फुलाचे पराग लावून देठाला दोरा बांधतात. पुस्तकात हे चार ओळींत संपतं. त्या मावशीच्या अंगठ्याकडे बघितलं की नख किती खोल जायला हवं ते कळतं.

हे मजूर, सालदार आणि शेतावरचे सहायक तिथे वर्षानुवर्षं काम करत आहेत. त्यांना काका-मावशी म्हणा, नाव विचारा. ‘कोन्या गावचा हायेस बाबू?’ असा प्रश्न तिकडून येईलच. गावाचं नाव सांगा, घरी काय पेरलं ते सांगा. कोणत्या प्लॉटला यंदा बोंडअळी जास्त आहे, कोणतं वाण पावसाच्या खंडात टिकलं, हे त्यांना सगळ्यात आधी दिसलेलं असतं.

खरिपाची पिकं उभी असताना विद्यापीठात शिवार फेरी असते. विदर्भभरातून शेतकरी येतात, प्रात्यक्षिकं बघतात. त्या दिवसांत सुटी घेऊन गावी जाऊ नका, उलट बापाला बोलावून घ्या. आपल्या पोराच्या विद्यापीठात उभं राहून, आपल्या पिकाबद्दल शास्त्रज्ञाला प्रश्न विचारणारा बाप तुम्ही बघितला पाहिजे.

जे शिकाल ते घरी लावा. सोपी सुरुवात सोयाबीनपासून करा. पेरणीआधी घरच्या बियाण्याचे १०० दाणे मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवा, रोज पाणी शिंपडा, आठवड्यात किती उगवले ते मोजा. ७० किंवा जास्त निघाले तर बियाणं पेरायला चालतं; कमी निघाले तर बियाण्याचं प्रमाण वाढवावं लागतं किंवा ते बदलावं लागतं. घरचे लोक तुमच्या शिक्षणावर विश्वास ठेवतात ते अशा कामांतून.

ऊन, पाऊस आणि साप

अकोल्याचा उन्हाळा ४५ अंशांच्या वर जातो आणि परीक्षाही त्याच सुमारास येतात. बारा ते चार शेतात आणि रस्त्यावर फिरू नका. दुपट्टा बांधल्याशिवाय सायकल काढू नका. पाणी, ताक, ओआरएस चालू ठेवा. एखाद्याचं अंग तापलं, तो असंबद्ध बोलू लागला तर उष्माघात समजा: सावलीत न्या, ओल्या कापडाने अंग पुसत राहा, १०८ ला फोन करा. शुद्ध नसलेल्याच्या तोंडात पाणी ओतू नका.

आवारात शेती आहे म्हणजे उंदीर आहेत, आणि उंदीर आहेत म्हणजे साप आहेत. रात्री टॉर्चशिवाय बाहेर पडू नका, पावसाळ्यात जमिनीवर झोपू नका. मण्यार रात्री अंथरुणात शिरतो आणि चावलेलं पुष्कळदा कळतही नाही, म्हणून खाटेवर झोपा आणि मच्छरदाणी गादीखाली खोचा. कोणाला साप चावला तर दोरी आवळू नका, चिरा देऊ नका, मांत्रिक शोधू नका. हात किंवा पाय हलू न देता थेट अकोल्याच्या सरकारी सर्वोपचार रुग्णालयात न्या. विषावरची लस तिथे मिळते आणि वेळ हाच उपाय आहे.

घरची ओढ

सोयाबीनची सोंगणी आणि कापसाची पहिली वेचणी येते ती नेमकी सत्राच्या मध्यात. मजूर मिळत नाहीत, माय एकटी वेचते, फोनवर आवाजावरून सगळं कळतं. पोरगं आठ दिवसांसाठी म्हणून जातं आणि तीन आठवड्यांनी येतं. यावर सत्र सुरू होतानाच घरी बसून बोला. वेळापत्रक आणि परीक्षेच्या तारखा बापाच्या हातात द्या. कोणत्या शनिवार-रविवारी येणार, पोळ्याला आणि दिवाळीला किती दिवस राहणार, हे आधीच ठरवा. अचानक जावंच लागलं तर वर्गशिक्षकांना अर्ज देऊन जा, न सांगता जाऊ नका.

पैशाची अडचण घरचे लपवतात आणि पोरंही विचारत नाहीत. वावर गहाण टाकण्याआधी बँकेत शैक्षणिक कर्जाची चौकशी करा. हमी योजनेखाली ७.५ लाखांपर्यंतच्या पात्र कर्जाला तारण द्यावं लागत नाही, आणि शिक्षण चालू असताना हप्ते भरावे लागत नाहीत.

आपल्या भागातल्या कितीतरी पोरांच्या घरात कर्जापायी माणूस गेलेला आहे. ते ओझं घेऊन ती वर्गात बसतात. तुमच्या खोलीत असा कोणी असेल, जेवण सोडून पडून राहत असेल, तर त्याला एकटं सोडू नका, अधीक्षकांना कळवा. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा क्रमांक १४४१६, फोन विनामूल्य आहे आणि मराठीतून बोलता येतं.

पुढची वर्षं आणि निघताना

शेवटच्या वर्षात रावे असतं, म्हणजे गावात राहून शेतकऱ्यासोबत काम. खेड्यातली पोरं इथे सगळ्यांच्या पुढे असतात, फक्त ‘मला सगळं माहीत आहे’ असं समजून नोंदवही कोरी ठेवू नका. शेतकऱ्याचं माती परीक्षण, खर्चाचा हिशेब आणि फवारणीची नोंद रोजच्या रोज लिहा. पदव्युत्तर प्रवेश, आयसीएआरची (भारतीय कृषी अनुसंधान परिषदेची) परीक्षा, एमपीएससी, बँकेतलं कृषी अधिकारी पद, यातलं काय करायचं ते तिसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला ठरवलं तर तयारीला वेळ पुरतो.

पदवी संपली की नो ड्यूजचा फॉर्म आधी भरा. ग्रंथालय, वसतिगृह, मेस, प्रयोगशाळा, क्रीडा विभाग, प्रत्येकाची सही लागते, आणि उन्हाळ्याच्या सुट्ट्यांत एखादा अधिकारी रजेवर असला की आठवडा जातो. सही झाल्यावर अनामत रक्कम परत मागा, बरेच जण ती तशीच सोडून जातात. टीसी, मायग्रेशन, तात्पुरतं पदवी प्रमाणपत्र आणि सगळ्या सत्रांची गुणपत्रकं घेतल्याशिवाय खोली सोडू नका. एक गुणपत्रक आणायला गोंदिया किंवा सिरोंचाहून पुन्हा अकोल्याला येणं म्हणजे दोन दिवसांची मजुरी आणि तिकीट. सायकल धडधाकट असेल तर ती पहिल्या वर्षाच्या एखाद्या पोराला देऊन टाका, आणि सोबत पंप आणि पंक्चरचा डबाही.